साहेबाच्या कागदावरचे चार प्रश्न

आमच्या कॉलेजात गोरा साहेब आला त्या दिवशी अजिंक्यताऱ्यानं जरा वाकून खाली बघितलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. किल्ला वाकला नसेल. पण साहेबाची उंचीच तशी होती. त्याच्या टोपीवर सकाळी पाऊस पडला तर बुटांना बातमी संध्याकाळी लागायची. स्टाफरूमच्या दारातून तो आत आला तो आधी गुडघे, मग पोट आणि शेवटी डोकं, असा हप्त्याहप्त्यानं.

एकाहत्तरची लढाई सरून फार दिवस झाले नव्हते. मी साताऱ्यात अर्थशास्त्र शिकवत होतो. मूळचा कडेगावकडचा, ऊसवाल्या घरातला. आमच्या सात पिढ्यांत बी.ए.च्या पुढं गेलेला मी पहिलाच आणि तेवढ्यावर न थांबता पीएच.डी.ला नाव घालून बसलेलो. विषय छान होता, शेतीतलं बायकांचं काम. प्रबंध मात्र पुढं सरकत नव्हता. माझे मार्गदर्शक सांगलीला असायचे. दर भेटीत ते एकच वाक्य म्हणायचे, "आकडे आणा हो. आकड्यांशिवाय प्रबंध म्हणजे बिनमिठाची आमटी." विद्यापीठानं दिलेली मुदत एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा वाढणार नव्हती. ते वर्ष गेलं की माझं नाव कटणार होतं. घरी चुलत्यांनी तर सांगूनच टाकलं होतं, "नाव कापलं की सरळ गुऱ्हाळावर ये. चुलवानाला जाळ घालायला शिकल्याला मानूस लय चांगला."

अशा वेळी हा साहेब आला आणि त्याचा विषय काय, तर ज्या घरांतले कर्ते पुरुष पलटणीत आहेत त्या घरांची शेती कोण चालवतं! मी खुर्चीतून पडायचाच बाकी राहिलो. त्याला गावाकडची बोली समजणारा माणूस हवा होता, मला आकडे हवे होते. गोळा होईल ती सगळी माहिती माझ्या प्रबंधाला वापरायची मोकळीक होती. शिवाय एक जीप. शिवाय विजेवर चालणारं एक हिशेबाचं मशीन. ते मशीन कॉलेजात आलं तेव्हा स्टाफरूममध्ये जत्रा भरली. इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्याला शून्यानं भागायला लावलं. मशीन जे घरघरायला लागलं ते थांबेचना. शेवटी गावातली वीज गेली म्हणून त्याचा जीव वाचला. नाहीतर ते अजून भागत बसलं असतं.

हा सगळा पैसा परदेशातली कसलीशी संस्था देणार होती.

साहेब मराठी शिकला होता वाईला, घाटावरच्या एका शास्त्रीबुवांच्या घरी राहून. त्यामुळे तो बोलायला लागला की समोरच्याला वाटायचं, आता आरती होणार आणि प्रसाद मिळणार. कँटीनमध्ये त्यानं चहा मागितला तो असा: "बंधो, मजला उष्ण पेय मिळेल काय?" पोऱ्यानं घाबरून फुकट दिला.

आमचे प्राचार्य उंचीनं साहेबाच्या खिशापर्यंत. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि तोंडात सुपारीचं एक खांड, जे माझ्या अंदाजानं ते नोकरीला लागले तेव्हापासून तेच होतं. या माणसाची एक खोड होती. आलेला प्रत्येक कागद ते मोठ्यानं वाचत आणि दोनदा वाचत. लग्नाची पत्रिकाही. त्याच सुमारास विद्यापीठाचं एक परिपत्रक आलं होतं. परदेशी पैशावर काही संशोधन करायचं असेल तर कॉलेजनं आधी चौकशी करावी: पैसा कुणाचा, विचारणार काय, भरलेले कागद जाणार कुठं आणि छापायचं की नाही ते ठरवणार कोण. बाकीच्या कॉलेजांनी ते फायलीला लावलं असेल. आमच्याकडं ते दोनदा वाचलं गेलं, म्हणजे आता त्यातून सुटका नव्हती.

प्राचार्यांनी साहेबाला बोलावलं, मलाही बसवून घेतलं आणि साहेबाची प्रश्नावली वाचायला घेतली. शंभराच्या आसपास प्रश्न असतील. बैल किती, विहीर किती खोल, पेरणी कोण करतं, बाजाराला कोण जातं. प्रत्येक प्रश्नाला प्राचार्यांची मान हलत होती. एके ठिकाणी ती थांबली. ओळीनं चार प्रश्न होते. घरातला माणूस कोणत्या पलटणीत आहे? पलटण सध्या कुठं आहे? गावातले किती जण एकदम रजेवर येतात? शेवटचं पत्र कुठून आलं?

प्राचार्यांनी ते चार प्रश्न वाचले, पुन्हा वाचले आणि सुपारी या गालातून त्या गालात गेली.

"साहेब, ह्या चार प्रश्नांचा भुईमुगाशी काय संबंध?"

साहेबानं कागद हातात घेतला. "हे प्रश्न माझे नव्हेत. साहाय्य देणाऱ्या संस्थेने ते मागाहून योजिले आहेत. मजला त्यांत काही अनुचित दिसले नाही."

"अनुचित आहेत असं मी कुठं म्हणालो? कुणाचे आहेत ते विचारलं."

"संस्थेचे."

"आणि संस्था कुणाची?"

साहेब कागद उलटसुलट करून म्हणाला, "ते मी कधी पुसले नाही."

प्राचार्यांनी त्याच दिवशी साहेबाच्या सहीनं संस्थेला पत्र धाडलं. पैसा मूळ कुणाचा ते कळवा, हे चार प्रश्न वगळतोय, भरलेले कागद कॉलेजच्या कपाटात राहतील, नुसत्या बेरजा परदेशी जातील. उत्तर येईपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही. साहेबाचा चेहरा उतरला, माझा तर गळूनच पडला. तेव्हा प्राचार्यांना दया आली. "तोवर गाव बघून या वाटल्यास. पण कागद न्यायचा नाही, पेन्सिल न्यायची नाही. पाणी प्या आणि परत या."

औंधाकडचं गाव. लांबून यमाईचा डोंगर दिसतो. घरटी एक माणूस पलटणीत आणि काही घरांत तर घरी उरलेली माणसं पलटणीतल्यांपेक्षा कमी. त्या गावात कोंबडा पहाटे आरवायचा नाही, परेडला बोलवायचा, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

वैशाखाचं ऊन असं, की जीपच्या टपावर भाकरी टाकली असती तर फुगली असती. एका घराच्या ओसरीवर दहाबारा बायका बियाण्याच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मधोमध एक म्हातारी. सगळं गाव तिला थोरली आई म्हणायचं. नवरा इंग्रजांच्या वेळच्या मोठ्या लढाईत वाळवंटात जाऊन आलेला, आता वारलेला. दोन लेक आणि एक नातू पलटणीत. शेजारी भिंतीला टेकून तिचे दीर बसलेले, पेन्शनीतले सुभेदार, मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या.

साहेब मांडी घालून बसला. त्याचे गुडघे दोन्ही बाजूंच्या बायकांच्या सुपांपर्यंत पोचले. वगळायच्या प्रश्नांत त्याला अजूनही काही वावगं दिसत नव्हतं. हात जोडून तो म्हणाला, "मातोश्री, आपले सुपुत्र सांप्रत कोठे असतात?"

थोरल्या आईनं माझ्याकडं बघितलं. "मास्तर, ह्यो कोंच्या देवळातला म्हनायचा?"

बायका फिदीफिदी हसल्या. मी सांगितलं, साहेब शेतीचा अभ्यास करतोय, तुमची पोरं कुठं असतात ते विचारतोय.

"कुटं म्हंजे? पलटनीत."

"पलटण कोठे असते?" साहेब.

"न्हेत्यात तिथं."

"कोठे नेतात?"

"पलटन असती तिथं."

"आणि ते घरी केव्हा येतात?"

"येत्यात तवा दिसत्यात की."

साहेबानं तोच प्रश्न शेजारणीला विचारला. तिचीही तीच उत्तरं, त्याच क्रमानं. तिसरीची तीच. एकीनं तर साहेबाचा प्रश्न संपायच्या आधीच उत्तर दिलं. शेंगा फुटायचा आवाज एका लयीत चालला होता आणि त्याच लयीत पलटणीत, नेतात तिथं, येतात तेव्हा. मी तोंडात पदर नसताना तोंडात पदर घालून हसावं तसा हसत होतो.

तेवढ्यात पोस्टमन आला. एका तरण्या सुनेला नवऱ्याचं पत्र होतं. तिनं ते हातातसुद्धा घेतलं नाही, लाजून मान खाली घातली. सुभेदारांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'आमी समदे खुशाल हाय. तुमी खुशाल असालच. आता आमी...'" इथं सुभेदारांना खोकला आला. खोकून झाल्यावर पुढं, "'...हितं आलोय. हितली हवा...'" पुन्हा खोकला. "'...हाय. सकाळच्याला उठून आमाला...'" आता सुभेदारांबरोबर थोरली आई खोकली. "'...वर जावं लागतं. समोर...'" आता ओसरीवरच्या सगळ्या बायका खोकल्या. "'काळजी करू नगा. म्हशीला काय झालं त्ये कळवा.'"

म्हशीपाशी खोकला साफ थांबला.

साहेब मोठा दयाळू माणूस. त्यानं चटकन खिशातून औषधी गोळ्यांची डबी काढली आणि प्रत्येकीच्या तळहातावर एक गोळी ठेवली. "हा सांसर्गिक विकार दिसतो. आपण उपेक्षा करू नये."

"व्हय सायेब," सुभेदार गोळी चघळत म्हणाले, "गावचं पानीच तसलं हाय."

हसू माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं, कारण माझी नजर त्या सुनेकडं गेली. पत्र तिचं होतं. आपला नवरा कोणत्या डोंगरावर, कोणत्या थंडीत आहे, हे त्या कागदात लिहिलेलं होतं आणि तिच्यापासून हाताभर अंतरावर ते खोकल्यात विरून गेलं होतं. तिनं सुभेदारांना विचारलं नाही, की मामंजी, तिथं काय लिहिलंय? खुशाल हाय एवढं तिनं घेतलं आणि पुन्हा शेंग उचलली. पुढं सुभेदारांनी पत्राची घडी केली आणि चुलीत घालायला तिच्याच हातात दिली. ती उठली आणि घालून आली.

माझ्या अंगावर काटा आला. भर वैशाखात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कुणाचं परिपत्रक आलं नव्हतं. मी गप्पा मारणारा माणूस, माझ्या पोटात पापडसुद्धा भिजत नाही. आणि इथं आख्खं गाव वर्षानुवर्षं एक गोष्ट पोटात ठेवून शेंगा फोडत बसलेलं. त्या ओसरीवर मला एखाद्या मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटलं.

मग थोरल्या आईनं सूप बाजूला सारलं. "आता मी इचारू का, बाबा? तुजी आय हाय?"

"आहे."

"तुला हितं कुनी धाडलं?"

"एका संस्थेने."

"तुजं पोट भरतीया तीच व्हय?"

"होय."

"कुनाची हाय ती?"

महिन्याभरात दुसऱ्यांदा साहेबापुढं हा प्रश्न आला होता आणि दुसऱ्यांदा तो तिथंच अडकला होता. तो म्हणाला, "मातोश्री, ते मजला ठाऊक नाही."

"मग ठीकच हाय," थोरली आई म्हणाली. "तुला कुनी धाडलं त्ये तुला ठावं न्हाई, आन् माजी पोरं कुटं हायत त्ये मला ठावं न्हाई. चल, दोगं मिळून शेंगा फोडू."

आणि तिनं खरंच त्याच्यापुढं सूप ठेवलं. साहेबानं दुपार उतरेपर्यंत शेंगा फोडल्या. निम्म्या शेंगांतले दाणेही फोडले. बायकांनी ते बियाण्यातून गुपचूप वेगळे काढले, पण त्याला हटकलं नाही.

परतताना जीपमध्ये मीच बोलत होतो. रहिमतपूर येईपर्यंत मी एकटाच दोघांचं बोललो.

संस्थेचं उत्तर आलं ते पावसाळा सुरू झाल्यावर. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. चारही प्रश्न राहायलाच हवेत. भरलेले मूळ कागद जसेच्या तसे परदेशी यायला हवेत, कॉलेजनं प्रत ठेवायची नाही. देणगीदारांची नावं सांगायची पद्धत नाही. हे मान्य नसेल तर पैसे थांबतील.

मुदत संपायला काही महिने उरले होते. मी प्राचार्यांच्या टेबलावर हात टेकून वाकलो. "सर, चारच प्रश्न आहेत. त्या बायका काही सांगणार नाहीत, मी डोळ्यांनी बघून आलोय. ब्रह्मदेव आला तरी 'पलटनीत' म्हणतील. विचारायला आपलं काय जातं? कागद भरला जाईल, पैसे येतील, माझा प्रबंध होईल."

"साहेबाला सांगणार नाहीत, बरोबर आहे तुमचं," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "पण तुम्ही पुढचे काही महिने त्या ओसरीवर जाणार. तुम्ही कडेगावचे. तुम्ही त्यांच्यासारखं बोलता, त्यांच्या पंगतीला जेवता. एखाद्या दिवशी एखादी पोर नवऱ्याच्या काळजीनं तुमच्यापुढं बोलून जाईल. मास्तर काय, घरचेच. अहो, ही जीप, हे मशीन, हे सगळं संस्थेनं कशाच्या बदल्यात देऊ केलंय, विचार केलात का कधी? प्रश्न काय, कुणालाही लिहिता येतात. त्यांच्याकडं नसलेली वस्तू एकच आहे. तुमचं 'काय रं' आणि 'व्हय गं'. ती विकायची तर विका, मला विचारू नका."

मी टेबलावरचे हात काढून घेतले. डोळ्यांपुढं गुऱ्हाळाची काहील दिसत होती आणि तिच्याभोवती फिरणारा मी.

साहेब उभा राहिला. छताचा पंखा फिरत होता, त्याच्या केसांतून वारा जात होता, पंख्यात आणि डोक्यात तेवढंच अंतर. तो म्हणाला, "मी हे द्रव्य परत करतो."

"साहेब, तुमचं काम बुडेल," प्राचार्य म्हणाले.

"बुडेल. तिथे माझी जागाही राहणार नाही कदाचित. परंतु कोणी धाडले हे ठाऊक नसता मी पुन्हा त्या ओसरीवर कोणत्या मुखाने बसू?"

आमचे प्राचार्य कुणासाठी उठायचे नाहीत. एकदा एक मंत्री आले तेव्हाही बसूनच नमस्कार केला होता. त्या दिवशी ते उठले. खुर्ची मागं सरली, कोट नीट केला आणि साहेबाच्या खिशाच्या उंचीवरून त्यांनी वर बघून हात जोडले. मी आजन्म मोठीमोठी माणसं वर्णन करून सांगत आलोय, निम्मी माझी मीच बनवलेली. पण त्या खोलीत एकावेळी दोन होती आणि त्यांना वाढवून सांगायची सोय नव्हती.

जीप गेली. मशीन खोक्यात बसलं. साताऱ्यात बातमी अशी झाली, की साहेब हेर होता आणि त्याच्या बुटात रेडिओ सापडला. बुटाचा रेडिओ मीच कुठंतरी बोललो असेन, नक्की आठवत नाही. ती संस्था कुणाची होती आणि ते चार प्रश्न तिला कशाला हवे होते, हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित कुणा कारकुनानं सहज घातले असतील. कदाचित नसतील. हेर असो नसो, माणसानं पोटावर पाय आणला तो स्वतःच्या.

जायच्या आधी साहेबाला त्या गावात जाऊन यायचं होतं. या वेळी एस.टी.नं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही आता कागद-पेन्सिल न्या. पैसा कुणाचा नाही, प्रश्न तुमचे. भरलेले कागद कॉलेजच्या कपाटात." मी नेले, पण पिशवीतून बाहेर काढायचा धीर नव्हता.

थोरली आई भुईमूग खुरपत होती. साहेब बांधावर उभा राहून म्हणाला, "मातोश्री, मी सांगावयास आलो. ज्यांनी मजला धाडले, त्यांचे काम मी सोडले. आता माझ्या पाठीशी कोणी नाही. मजला काही विचारावयाचे नाही."

तिनं खुरपं मातीत रोवलं. त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, त्याला वेळ लागलाच. मग म्हणाली, "आता इचार."

साहेबानं मान हलवली आणि माझ्याकडं बोट केलं. "हे विचारतील. हे इथले."

मी पिशवीत हात घातला. कागद-पेन्सिल बाहेर काढली. "थोरले आई, नांगर कोण धरतं गं?"

"कोन धरनार? तुजा चुलता येतोय व्हय कडेगावास्नं?"

आणि मग जे सुरू झालं! शेजारच्या वावरातल्या बायका आल्या, त्यांच्या शेजारच्या आल्या. पेरायला कोण पाभर धरते, कोणी एकटीनं बाजारात जाऊन बैल घेतला आणि दलालाला कसं रडवलं, विहिरीवरच्या इंजिनाला हँडल मारून कुणाचा दात पडला. एक म्हणाली, "आमचं मालक रजंवर आलं की औत धरायला जात्यात, आन् बैल उभं ऱ्हात्यात. वळकतच न्हाईत. मग मी जाऊन सांगती बैलास्नी, बाबांनो, घरचंच हायत." सगळं शिवार हसलं. मी लिहीत होतो. पेन्सिल संपली, सुभेदारांनी आपली दिली. साहेब शेजारी चिखलात बसून नुसता ऐकत होता. त्याच्या हातात गवताची एक काडी होती आणि त्या काडीनंसुद्धा त्यानं मातीत काही लिहिलं नाही.

ऊन कलतं झालं तेव्हा थोरली आई म्हणाली, "आता वाच. काय काय लिवलंस त्ये समदं वाच."

मी वाचलं. प्राचार्यांच्यासारखं मोठ्यानं. बैलाच्या ठिकाणी त्या पुन्हा हसल्या. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवलं, म्हणाल्या, ह्ये न्हाई असं, तसं लिव. एका ओळीवर सुभेदारांनी नुसती मान हलवली आणि मी ती खोडली. सगळं संपलं तेव्हा बायकांनी थोरल्या आईकडं बघितलं. ती म्हणाली,

"हां. ह्ये ने कुटं बी."

कागद कॉलेजच्या कपाटात ठेवले आणि त्यातले आकडे उतरवून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सांगलीला मार्गदर्शकांकडं नेले.